खालचा आवाज

ओतारीचा आवाज मला आवडत नव्हता.
झालं, बोलून टाकलं.
अलाझानीच्या या खोऱ्यात असं बोलणं म्हणजे
भरल्या पंगतीत वाइनचा रांजण फोडणं.

बाकी सगळ्यांना आवडायचा तो.
लग्न, बारसं, द्राक्षांची तोडणी, मयत,
टेबलाच्या टोकाशी ओतारी डोळे मिटून उभा राहायचा
आणि सूर वर जायचा,
अंगणातून कुणी कबुतर सोडावं तसा.
बायका रुमाल डोळ्यांना लावायच्या.
मी ताटं गोळा करायचे.

गोड होता, नाही कशाला म्हणू.
पण गोडाचं माझं थोडक्यात भागतं.
अक्रोडावरचा कडवट पापुद्रा मला हवा असतो,
नेमका तोच लोक सोलून टाकतात.

मला आवडायचा शाक्रो.
म्हणजे त्याचा आवाज; गैरसमज नको.
ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, डाव्या हाताला दोन बोटं कमी,
गाण्यात त्याच्या वाट्याला शब्दसुद्धा नसायचे.
वरचे दोघे नक्षी काढत असताना
हा खाली एकच स्वर धरून बसायचा,
ओऽऽऽ
जसं कुणी शिडी धरून उभं राहावं
आणि नाव व्हावं वर चढलेल्याचं.

ही आवड कुठून आली तेही ठाऊक आहे मला.
सात वर्षांची होते, अंगाने काटकुळी,
म्हणून आजोबांनी कमरेला दोरी बांधून
मला रांजणात सोडलं.
जमिनीत पुरलेला, दोन पुरुष खोल,
आतून घासायचा, चेरीच्या सालीच्या कुंच्याने.
वर आभाळ उरलेलं बशीएवढं.
भीती वाटू नये म्हणून गुणगुणले,
तर भिंतींनी माझा आवाज घेतला,
जाड केला, खोल केला आणि परत दिला
पोटात, टाचांत, दातांच्या मुळांत.
तेव्हापासून नुसत्या कानाला ऐकू येणारं गाणं
मला अर्धंच वाटतं.

सुनेला इटालियन गाणी लागतात भांडी घासताना.
तिची आवड तिच्यापाशी.
नातू, सांद्रो, कानांत बोंडं घालून हिंडतो.
एकदा एक बोंड मागून घेतलं.
कुणीतरी घाईघाईत भांडत होतं,
पण त्या भांडणाच्या बुडाशी ढम्म, ढम्म,
गोठ्यात म्हैस उठून बसावी तसं.
म्हटलं, "हे बरंय रे. वरच्या माणसाला
गप्प करता येईल का?"

मागच्या हिवाळ्यात ओतारीच्या घशात गाठ निघाली.
कापली. गाठीबरोबर वरचे सूरही
त्यांनी तबकात घालून नेले असणार.
उरला तो जाडाभरडा, करपून तळाला लागलेला आवाज,
फुगलेलं दार फरशीवर घासत उघडावं तसा.
किती दिवस पाटीवर लिहूनच सांगायचा.
मग एका दुपारी, जेवताना, पहिला शब्द काढला:
"मीठ."
सूप अळणी झालं होतं.
आणि माझ्या टाचांत काहीतरी हललं.

लाज वाटली.
माणूस सगळं गमावून बसलाय
आणि मी मिठाची वाटी हातात धरून उशीर करतेय,
पुन्हा मागेल म्हणून.

त्याने चमचा खाली ठेवला.
"हा आवडला वाटतं तुला," म्हणाला.
दम घेतला.
"त्रेचाळीस वर्षं बघतोय, माक्वाला.
मी गायला लागलो की तू ताटं उचलायचीस.
शाक्रोने सूर धरला की
तुझे हात थांबायचे."

यावर काय बोलणार.
वाटी पुढे सरकवली.
त्याने चिमूटभर घातलं, ढवळलं, चाखलं,
बरोबर झालं होतं.
तरी माझ्याकडे न बघता,
सावकाश, अगदी तळातून,
पुन्हा एकदा म्हणाला:
"मीठ."